माईक चालू होता

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आणि आमचा धंदा तर एकाच घरातला — तो लग्नांचं शूटिंग करतो, मी घरी बसून त्याचं मिक्सिंग करते — म्हणजे एकमेकांपासून काही लपवायला आमच्याकडं जागाच नाही. तरी हे लपलं. जिच्याबद्दल आहे तिच्यापासून लपलं, माझ्या सख्ख्या बहिणीपासूनही लपलं. आज तुम्हाला का सांगतेय? मला तरी कुठं कळतंय.

आधी कामाचं सांगते. त्याशिवाय माझा तेव्हाचा वैताग तुम्हाला कळायचा नाही. व्हिडिओत माणसाचे ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो — बघितलंय ना तुम्ही कधीतरी? तुम्ही हसता आणि सोडून देता. मला ते जुळवावं लागतं. सगळा आवाज सारखाच मागं असला तर सोपं असतं, उचलायचा आणि पुढं सरकवायचा. पण काही फायली अशा द्वाड असतात की सुरुवातीला सगळं बरोबर, पाच मिनिटांनी जरासा मागं, शेवटाला चक्क तीन सेकंद मागं! शेवट जुळवला की सुरुवात बिघडते. सुरुवात धरली की शेवट गेला. पांघरूण अपुरं असलं की कसं होतं — पाय झाका तर डोकं उघडं. तसं दिवस-दिवस चालतं.

लग्नाच्या व्हिडिओत त्यातल्या त्यात एक खूण मिळते. 'शुभमंगल सावधान' झालं की बँड वाजतो, टाळ्या पडतात, अक्षता उडतात — सगळं एका क्षणात. तो क्षण पकडायचा आणि आवाज तिथं बसवायचा. माझ्या त्या फायलीत अक्षता आधी पडत होत्या, नवरा-नवरीच्या गळ्यात हारही पडत होते, आणि 'सावधान' मागून सावकाश ऐकू येत होतं. आता कसलं डोंबलाचं सावधान?

लग्न होतं फुलंब्रीजवळच्या एका खेड्यात, गयामावशींच्या सविताचं. मावशी म्हणजे माझ्या नात्याच्या नव्हेत, त्या वयाच्या बाईला आपण म्हणतो तसं. त्यांचे मालक आसारामजी गावच्या शाळेत शिपाई. वर्ष दुष्काळाचं. गावात टँकर, आणि इथं शहरात आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी. फुलंब्री रोडच्या दोन्ही बाजूंनी मात्र प्लॉटिंगचे बोर्ड लागत होते, 'चोवीस तास पाणी' असं लिहिलेले. बघूनच डोकं फिरायचं. उन्हानं नवऱ्याचा कॅमेरा ऐन वेळी तापून बंद पडला, म्हणून मंगलाष्टका त्यानं मोबाईलवर घेतल्या. हीच ती फाइल.

आता एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. जुन्या रीतीप्रमाणं मुलीची आई मुलीचं लग्न बघत नाही. मंगलाष्टका चालू असतात तेव्हा ती तुळशीला पाणी घालत बसते. हल्ली कुणी पाळत नाही, हॉलमध्ये तुळस आणायची कुठून? पण गयामावशींनी पाळलं. सासू बसली होती, सासूची सासू बसली होती, मग ह्याही बसल्या — घराच्या मागच्या अंगाला, जनरेटरच्या घरघरीत. लेकीच्या डोक्यावर अक्षता पडल्या ते त्यांनी पाहिलं नाही, आणि मंगलाष्टकांतला एक शब्द ऐकला नाही.

आणि शेवटचं मंगलाष्टक आसारामजींनी म्हटलं. स्वतः रचलेलं! हा माणूस मुलखाचा अबोल. मावशी म्हणायच्या, 'शाळेची घंटाच तेवढी बोलते ह्यांच्यातर्फे.' त्या माणसानं उठून माईक घेतला आणि भर मांडवात चालीवर म्हटलं. काय म्हटलं ते कुणाला विचारून उपयोग नव्हता. तुम्हीच सांगा, मंगलाष्टका कुणी ऐकतं का? सगळ्यांचे कान फक्त 'सावधान'कडं, बाकी वेळ गप्पा. सविता अंतरपाटामागं रडत होती, तिला आठवतं ते एवढंच की बाबा आईवर काहीतरी म्हणाले. नीट ऐकलं ते एकाच बाईनं. ती बाई मी.

कारण ते शेवटचं होतं, 'सावधान'ला चिकटलेलं. आवाज तिथंच जुळवायचा, तिथंच बिघडायचा. पन्नास वेळा ऐकलं असेल. साठ वेळा. पाठच झालं. अजून आहे —

मागं बसली तुळशीपाशी, सोहळा ना पाही ती,
तिच्या जिवावर घर हे माझं, मी तर नावाचा धनी;
टँकरमागं पळता पळता लेकरं शिकवली तिनी,
पोरी, तुझ्या आईसारखी हो तू — शुभमंगल सावधान.

मात्रा नाहीत, वृत्त नाही, ओढूनताणून चालीत कोंबलेलं. 'तिनी'वर आवाज चिरकला होता. पण बायकोबद्दल चार माणसांत असं बोललेला नवरा तुम्ही किती पाहिलेत? मी तर पाहिलेला नाही. आणि ती बायको मांडवात नव्हती.

मग मी काय केलं? सांगते. तिसरा दिवस होता त्या फायलीवर, आणि नेमका नळाचा दिवस. सकाळी अकराला पाणी सुटलं. ड्रम, हंडे, बादल्या, शेवटी तर चहाची पातेलीसुद्धा. शेजाऱ्यानं नळाला मोटर लावलेली, त्यामुळं आमच्याकडं करंगळीएवढी धार. एक हंडा भरला की पळत कॉम्प्युटरपाशी यायचं, आवाज थोडा सरकवायचा, बघायचं — पुन्हा तीन सेकंद! परत मोरीत. परत कॉम्प्युटर. पदर ओला, पाय ओले, आणि पडद्यावर गुरुजी मुक्यानं तोंड हलवताहेत. बाजूच्या खोलीतून नवऱ्यानं विचारलं, 'जुळलं का गं?' बास, डोक्यात तिडीकच गेली.

माझ्याकडं एक तयार मंगलाष्टकांचं रेकॉर्डिंग होतं, कुणा गायिकेच्या आवाजातलं, सनई-बिनई घातलेलं. ते उचललं आणि सगळ्यावर अंथरलं. कुणाला कळतंय? आसारामजी माईक घेऊन उभे होते तिथं ओठ वेगळेच हलत होते, म्हणून तो तुकडा कापला आणि त्या जागी रुखवतातले लाडू दाखवले. हो, लाडू. आणि मग मूळ फाइल पुसून टाकली. नवऱ्याला मी सांगत आले की कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती. होती जागा. मी रागानं पुसली, भांडं आपटावं तशी. मोबाईल नवऱ्यानं पुढच्या लग्नासाठी आधीच रिकामा केला होता.

इथवर फार तर कामचुकारपणा म्हणाल. कबूल. पण तेवढंच असतं तर मी तुमच्यापुढं बसले नसते.

आठवड्यानं मावशी आणि आसारामजी व्हिडिओ न्यायला आले. गिऱ्हाइकानं इथंच बघून पास करायचं, अशी आमची पद्धत. गयामावशी खुर्चीत पुढं सरकून बसल्या, पदर नीट केला, मांडवातच बसल्यासारख्या. आणि खरंच की — लेकीचं लग्न त्या पहिल्यांदाच बघत होत्या. हळदीला हसल्या, व्याह्यांच्या फेट्याला हसल्या. मंगलाष्टका लागल्या. आधी ऐकत राहिल्या, मग माझ्याकडं वळल्या.

'ही कोण बाई म्हणतीय? आन् ह्यांचं कुठंय?'

खरं सांगायला काय लागलं असतं? मावशी, माझ्या हातून गेलं — एवढंच. चिडल्या असत्या, रडल्या असत्या. आणि लगेच मला म्हणता आलं असतं की गेलं, पण मला पाठ आहे, ऐका. तेव्हा हे सुचलं नाही असं नाही. सुचलं. पण माझ्या कामात खोट निघालेली मला चालत नाही. माझं नाव होतं बाजारात, शहर वाढत होतं, रोज लग्नाचं नवं लॉन उघडत होतं, कामं दारात येत होती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, 'त्यांचा माईक बंद होता.'

आसारामजी दारापाशी उभे होते. चपराशाची सवय, बसा म्हटलं तरी बसत नसत. ते हळूच म्हणाले, 'पर माझा आवाज तर मला स्पीकरमधून येत होता.' मग मी आणखी पुढं गेले. स्पीकरची लाइन वेगळी, रेकॉर्डिंगची वेगळी, माईकला बटन असतं, अंगठा लागला की रेकॉर्डिंग बंद होतं — काय वाटेल ते ठोकून दिलं. कामातले चार शब्द तोंडावर फेकले की साधी माणसं गप्प बसतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. आवाज तर मोबाईलनं घेतला होता! त्यांच्या हातातल्या माईकचा काही संबंधच नव्हता.

ते अंगठ्याकडं बघत राहिले. मग बायकोला म्हणाले, 'माझ्याच हातून दाबलं गेलं असंल.'

मी म्हणाले, 'असेल.'

मावशी म्हणाल्या, 'जाऊ द्या, मग आता म्हणून दाखवा की.' त्यावर तो माणूस एवढा लाजला! 'आता कसं म्हणू? ते तिथलं व्हतं.' घरी गेल्यावरही नाही म्हटलं त्यांनी कधी. मागं लागल्या की उठून बाहेर जायचे.

मधल्या काळात मला ती द्वाड फाइल कळली. एक नवा एडिटर मुंबईहून आला होता, त्यानं बोलता बोलता सांगितलं. मोबाईल व्हिडिओ घेतो तो एका वेगानं घेत नाही, कधी जलद, कधी सावकाश. आमचं सॉफ्टवेअर मात्र वेग सारखाच आहे असं धरून चालतं. म्हणून आवाज मागं पडत जातो. फाइल आधी एका वेगाची करून घ्यायची आणि मग कामाला घ्यायची, की सगळं जुळतं. किती वेळ लागतो? पाच मिनिटं. पाच मिनिटं, हो! मूळ फायलीत बिघाड नव्हताच. तशीच्या तशी पेन ड्राइव्हवर टाकून दिली असती तरी टीव्हीवर धड चालली असती. त्या दिवशी मी कपाळावर हात मारून घेतला, एडिटरवर चिडले, मोबाईलवर चिडले, नळावरसुद्धा चिडले. फुलंब्रीला मात्र गेले नाही.

दीड वर्षानं गयामावशी एकट्याच आल्या. एसटीनं, भर उन्हात. आसारामजींना अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलणं आता येणार नाही. पेन ड्राइव्ह त्यांनी रुमालात बांधून आणला होता. तो माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, 'ताई, ह्याच्यात कुठं तळाला-बिळाला त्यांचा आवाज ऱ्हायला असंल का? बघता का एकडाव?'

मी बघितल्यासारखं केलं. त्यांच्यासमोर फाइल उघडली, पुढं-मागं केली. नाही म्हणून मान हलवली.

मग त्या म्हणाल्या, 'तुम्ही शिकलेल्या. शूटिंगवाल्यांनी तरी तिथं ऐकलं असंल. एखादा शब्द? मला म्हणायचे का कायबी, घरात एवढ्या वर्षात नीट दोन शब्द बोलले नाईत. सविता म्हणती, बाबा तुझ्यावर म्हणाले. मला लई वाटतं ऐकावं.' आणि मग सहज, तक्रार नाही काही नाही, डावा हात पुढं करून त्यांनी दाखवलं. 'मी गाण्याचं विचारलं ना, की ते असं करतेत.' डाव्या हाताचा अंगठा त्यांनी माझ्यासमोर दाबला, बटन दाबावं तसा. 'दाबतेत आन् रडतेत. मी म्हणते, आवो, चुकून झालं, जाऊ द्या. ऐकतच नाईत.'

चारही ओळी माझ्या तोंडात होत्या. खोटं बोलते आहे हे मला कळत होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. घाई नव्हती. चिडलेलीही नव्हते मी त्या वेळी, तेवढंही सांगायला उरलेलं नाही.

'नाही हो, मावशी,' मी म्हणाले. 'कुणालाच नाही आठवत.'

त्यांनी पेन ड्राइव्ह परत रुमालात बांधला. चहा घेतला. उगीच तुम्हाला तरास दिला, म्हणाल्या. मी रिक्षास्टँडपर्यंत सोडायला गेले.

आसारामजी पुढच्या उन्हाळ्यात वारले. माईक आपणच बंद केला, असं मानून वारले. गयामावशी आहेत, त्याच गावात. त्याही तेच मानतात.