तीन-तीनचे गट

कमलाकर सरांना माणसांपेक्षा संख्या जवळच्या, असं नवी पेठेत सगळे म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. बघण्याच्या कार्यक्रमात त्यांनी प्रेमलाबाईंना स्वयंपाक येतो का हे विचारलं नाही. एक हजार एकला कशाकशानं भाग जातो ते विचारलं. बाईंना कुठलं येणार? तरी होकार आला, आणि सात, अकरा, तेरा हे उत्तर जन्माचं पाठ झालं.

निवृत्तीनंतर सर दर रविवारी घरीच शिष्यवृत्तीचा वर्ग घेत. गेल्या दिवाळीपासून त्यांचं विसरणं वाढलं. गॅस, किल्ली, व्याह्यांचं नाव. पुण्याहून मुलगा अनीश एकच धोशा लावायचा, "आई, वर्ग बंद कर. पोरं चुकीचं शिकतील." प्रेमलाबाईंनी त्याला ठणकावलं होतं, "ह्यांचं गणित चुकेल त्या दिवशी मी स्वतः बंद करीन. तोवर नाही." वर्ग गेला की मागोमाग माणूसही जाईल, ही त्यांची खरी भीती.

त्या रविवारी सकाळी त्यांनी मुद्दाम एक संख्या लिहून सरांपुढे ठेवली: ४१,८७,२५,३०७. पहिले तीन आकडे चारशे अठरा, शेवटचे तीनशे सात, आणि मधे दोघांची बेरीज, सातशे पंचवीस. युक्ती सरांचीच. उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गट पाडायचे, आलटून पालटून वजा-अधिक करायचं. शून्य आलं की सात, अकरा, तेरा, तिघांनीही भाग जातो. असली संख्या सर एरवी बोलता बोलता फोडत.

सर खुशीत पुढे सरकले. पण त्यांनी गट पाडले ते स्वल्पविराम बघून, लाखा-कोटींचे. तीनशे सातातून पंचवीस गेले, सत्त्याऐंशी मिळवले, एक्केचाळीस वजा केले.

"तीनशे अठ्ठावीस. सात नाही, अकरा नाही, तेराही नाही. मूळ संख्या असेल बरं का ही!"

ही चूक पाचवीतली पोरं करतात, आणि सर त्यांचे कान पिळतात.

"अहो, गट तीन-तीनचे पाडतात ना?"

"कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच की."

सर मनापासून हसले. "मी असलं चुकीचं कशाला शिकवीन?"

तेवढ्यात दार वाजलं. होटगीहून येणारी दानेश्वरी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी हजर.

"काकू, सर हायत की?"

"आजपासून वर्ग बंद, बाळ. बाकीच्यांनाही सांग."

पोरगी जागची हलेना. "आमचं काय चुकलं का, काकू?"

"नाही गं. तुमचं काही नाही चुकलं."

आतून सरांची हाक आली, "कोण आलंय? आत पाठव, फळा पुसून ठेवलाय."

"कुणी नाही," प्रेमलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पोरीच्या तोंडावर दार लावून घेतलं.