झोळी नसलेली बाई

कापूस वेचणाऱ्या बाईचा पुतळा मी झोळीशिवाय पास केला. गावात मराठीचा मास्तर मी एकटाच, म्हणून मूर्तिकाराने मातीचा नमुना मला दाखवून विचारलं, "काही राहिलंय का?" मी मान तिरकी करून, डोळे बारीक करून "परिपूर्ण" म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण चौथऱ्याच्या फरशीवर कोरायची ओळही मीच दिली: 'हिने स्वतःसाठी काहीच ठेवले नाही.'

पुतळे कळणारं माणूस अख्ख्या खानदेशात एकच, आणि ती माझ्या बायकोची मावशी. जन्मभर कापूस वेचला, सही अंगठ्याची. जळगावच्या एका बागेत तिला आई-मुलाचं शिल्प दाखवलं. मी वात्सल्यावर बोलू लागलो, तेवढ्यात तिने शिल्पाला फेरी मारून विचारलं, "पोर उजव्या कडेवर लिधं. मंग भाकर कोनत्या हाते थापी?" धुळ्याला एका दगडी शेतकऱ्याला तर तिने तळपाय बघूनच नापास केलं. "या पायले ढेकूळ माहीत नही."

आमच्या पुतळ्यापुढे ती उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी उभी राहिली. "येचेल कापूस ही कोठे टाकस?"

"मावशी, ते प्रतीक आहे. ती नुसती देते."

मावशी घरी गेली. सकाळी स्टुलावर चढली आणि स्वतःच्या जुन्या लुगड्याची झोळी पुतळ्याच्या कमरेला बांधून आली. दुपारी ग्रामपंचायतीच्या सफाईवाल्याने ती सोडली. दुसऱ्या सकाळी पुन्हा झोळी. महिनाभर असंच चाललं. शेवटी ग्रामसेवकाने तिला बोलावलं. पुतळ्याची विटंबना, गुन्हा दाखल होईल म्हणाला, आणि पुतळा बरोबर असल्याचं मी लिहून द्यावं म्हणून माझ्यापुढे कागद सरकवला.

मावशीने त्यालाच विचारलं, "भाऊसाहेब, तुम्ही बाजारमाईन भाजी कशामा आनतस?"

"पिशवीत."

"आनि पिशवी घर ऱ्हायनी ते?"

भाऊसाहेब माझ्याकडे बघू लागला. प्रतीक हा शब्द माझ्या अगदी ओठांवर आला होता. तो गिळून मी कागदावर लिहिलं: चूक माझी, झोळी हवी होती. गुन्हा टळला. फडकं रोज सोडायचा हुकूम मात्र कायम राहिला.

"तुमना मानूस सोडी, मी बांधसू," म्हणत मावशी उठली.

त्याला आता बरेच हंगाम झाले. मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हात थरथरतात, गाठ नीट बसत नाही. परवा दुपारी सफाईवाला आला आणि त्याने तीच गाठ आवळून घट्ट केली. त्याची आईही वेचणीला जाते.

"अरे, हुकूम?" मी विचारलं.

"सोडतो ना सर. हंगाम संपला की."

काल मावशीला चौथऱ्यापाशी घेऊन गेलो. तिने चाचपडत झोळीचा काठ शोधला, दोन्ही बाजूंनी ओढून पाहिला. मग विचारलं, "फरशीवर काय लिहेल शे?" मी जमेल तितक्या हळू आवाजात माझी ओळ वाचली.

मावशीने ऐकून घेतलं. हात झोळीवरच होता.

"माले वाचता येत नही, जवाईबापू. पन तुमले ते देखताबी येत नही."