गयाबाईंचा अर्ज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्या स्वयंपाकघरात तर त्याची खूण रोज खिळ्याला टांगलेली असते.

हैदराबादेत आबिड्सला एका खाजगी कचेरीत मी नकाशे करतो. लहान शहर वाढताना रस्ता कुठून न्यावा, घरं कुठे, कामधंदे कुठे, हे रंगवून द्यायचं. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या एका छोट्या शहराचा आराखडा आमच्याकडे आला. तिथल्या माणसांना तिथेच काम मिळावं, कुणाला हैदराबादेत धक्के खायला यावं लागू नये — असा त्याचा हेतू. मला तो मनापासून पटला होता. हसू नका, खरंच पटला होता.

जागेच्या पाहणीला मीच गेलो. तळ्याकाठी बुरडांची वस्ती, सुपं-टोपल्या विणणारी माणसं, आणि पुढे त्यांचं कामाचं मोठं आवार. आवारात चिटपाखरू नव्हतं. आठवडी बाजाराचा दिवस. सगळी माल घेऊन गेलेली. मला हे कळलं नव्हतं? कळलं होतं. पाण्यात बांबू भिजत होते, ओल्या सालपटांवरूनच मी चालत होतो. पण विचारपूस करायची तर दुसऱ्या दिवशी परत यायला हवं, आणि ऊन असं होतं की — छे, उन्हाला कशाला मध्ये आणू? कंटाळा केला. तक्त्यात लिहिलं : रिकामी जागा, वापर नाही. त्या रिकाम्या जागेवर मग नकाशात कारखान्यांच्या शेडचा जांभळा रंग चढला.

इथवर चूक म्हणून खपलं असतं. पुढचं नाही खपत.

हरकती घेण्याची मुदत चालू होती, त्या आमच्याच कचेरीत जमा व्हायच्या. एक दिवस गयाबाई आल्या. त्याच वस्तीतल्या, पन्नाशीच्या. नामपल्ली स्टेशनापासून विचारत विचारत चालत आलेल्या. मी मराठीत बोललो तशा मटकन खुर्चीत बसल्या.

"आपलं माणूस भेटलं बघा," म्हणाल्या. "तेलुगूत कुणापुढं रडावं, ह्याच घोरात आले होते."

तळ्याचं पाणी सुटलं की बांबू वाळतो, वाळला की नीट चिरला जात नाही, आमचं काम तिथेच संपतं — असं सगळं अर्जात होतं. नोंदवहीत तो चढवला असता तर फेरपाहणी झाली असती. माझी खोटी पाहणी उघडी पडली असती. नोकरी गेली असती का? नाही. साहेबांनी चारचौघांत झापलं असतं, बस. तेवढ्यासाठी मी म्हणालो, "निर्धास्त जा, मावशी, मी बघतो." आणि अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला. मुदत संपेपर्यंत रोज तो ड्रॉवर उघडत होतो, पेन्सिल घेत होतो, बंद करत होतो.

शेड उभ्या राहिल्या. बुरडांना माळावर जागा मिळाली, तिथे पाणी नाही. गयाबाई मुलाकडे आल्या — कुठे, तर आमच्या अंबरपेठेत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसून आता त्या प्लास्टिकच्या टोपल्या विकतात. आमची गल्ली पुढे बंद आहे. जायला-यायला दुसरी वाट नाही. मान खाली घालून निघालो तरी त्या हाक मारतात, आणि बायको सोबत असली की थांबतेच. आपल्या हातचं शेवटचं सूप त्यांनी तिलाच दिलं. का, तर तिच्या नवऱ्यानं त्यांच्यासाठी खटपट केली म्हणून. त्यात ती रोज तांदूळ पाखडते. मला तो आवाज सहन होत नाही, आणि का ते सांगता येत नाही.

परवा संध्याकाळी एकटाच होतो. त्यांनी जवळ बोलावलं, हळूच म्हणाल्या, "तुम्ही लई केलं, साहेब. माझ्याच अर्जात काही कमी पडलं असंल. वस्तीतले अजून मलाच बोल लावतेत."

मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

अर्जात काही कमी नव्हतं. तो अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे.