काचेवरचा गोल डाग

नाशिकहून सकाळी सातला निघालो तेव्हा गाडीत आम्ही दोघीच होतो: मी, पेशाने डॉक्टर, आणि माझ्यासोबतच्या नर्स मंदाताई. सुरगाण्याच्या डोंगरातले पाडे (छोट्या वस्त्या) फिरून गरोदर बायकांना तपासायचं, हे आमचं रविवारचं काम. रस्ता दाखवणारं यंत्र समोरच्या काचेला रबरी चकतीने चिकटवलेलं होतं. नाशकात तेव्हा त्याचं नवल होतं. वर्षभर हिंडून मी त्यात एकेक पाडा नोंदवला होता. छापील नकाशात ते नव्हतेच.

वणीला मिसळ खायला उतरलो. मी यंत्र काढून पर्समध्ये टाकलं, दारं लावली आणि निर्धास्त झाले. परत येऊन पाहतो तर डाव्या दाराची काच फुटलेली, समोरचा कप्पा उपसलेला. यंत्राची चार्जिंगची वायर गेली होती.

शेजारचे पंक्चरवाले काका धावत आले. "यंत्र गेलं का बाई?"

"नाही, माझ्याजवळ आहे."

त्यांनी समोरच्या काचेवर बोट टेकवलं. "पण चकतीचा हा गोल डाग तसाच हाय. तो दिसला की चोराला कळतं, आत यंत्र असणार. गडावर जाणाऱ्या गाड्यांचं लय बघितलंय मी. डाग पुसत जा."

मी ओढणीने डाग पुसला.

"परत फिरायचं का?" मंदाताईंनी विचारलं.

"सोनीचे दिवस भरत आलेत. जाऊ या."

सोनीच्या पाड्यावर आम्ही एकदाच गेलो होतो, आणि यंत्राची बॅटरी थोडीच उरली होती. बोरगावनंतर फाटा आला की यंत्र चालू करायचं, वळण बघायचं, लगेच बंद करायचं. फुटक्या काचेतून भातखाचरांचा ओला वास येत होता. तिसऱ्या फाट्यावर पडदा काळा झाला, पण तोवर सोनीचं घर समोर दिसू लागलं होतं.

तिचे पाय सुजले होते, रक्तदाब चढलेला.

"हिला आत्ताच दवाखान्यात न्यायला हवं," मी म्हणाले.

"बाजाराच्या दिवशी जीप येती, तवा नेणार होतो," सासू घाबरून म्हणाली. तरी निघताना तिने नागलीची (नाचणीची) भाकर आमच्या हातावर ठेवलीच.

सोनीला आमच्याच गाडीतून सुरगाण्याच्या रुग्णालयात नेलं, आणि दुपारी तिला मुलगी झाली. दोघीही सुखरूप.

नाशकात परतल्यावर मी यंत्र घरच्या संगणकाला जोडलं आणि सगळे पाडे वहीत हाताने उतरवून काढले. दुसरी प्रत मंदाताईंना दिली. यंत्र चोरीला गेलं असतं तर नवं घेता आलं असतं. सोनीच्या घराची वाट मात्र मी एकाच ठिकाणी ठेवली होती, आणि ती चूक चोराची नव्हती.