चुन्याच्या धोंड्यांखाली
मंजुळाबाई धनगरीण. छावणीपलीकडच्या माळावर तिची मेंढरं चरायची. माळाच्या एका अंगाला मुसलमानांचं कब्रस्तान, दुसऱ्या अंगाला ख्रिस्ती लोकांची दफनभूमी आणि मधी नुसती चुना फासलेल्या धोंड्यांची रांग. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शनला पाचेक वर्षं झाली होती.

त्या उन्हाळ्यात धोंडे सरकायला लागले. आज इकडं, उद्या तिकडं, वीतभर. मग शिमोन मास्तरांच्या बापाच्या कबरीवरचा क्रूस कलला, आणि आठ दिवसांत कब्रस्तान राखणाऱ्या मदारचाचाच्या आईची कबर खचली. पलीकडच्यांनीच खोदलं, असं दोन्हीकडं बोललं जाऊ लागलं.

दोघांचंही दुखणं बाईला ठाऊक होतं. मदारचाचा म्हणायचा, राज गेलं, कागद गेले, आता मुडद्यांची जागाही जाईल. मास्तरांच्या आज्याला जातीपायी गावच्या मसणवट्यात जागा दिली नव्हती. ही त्यांची पहिली हक्काची जमीन. भ्यालेल्या माणसाला समोरच्याच्या हातात कुदळच दिसते.

एकदा भर दुपारी बाई धोंड्यांपाशी टेकली होती. वारा पडलेला. जमिनीखालून आवाज आला. कुणीतरी गुडघाभर पाण्यातून चालत होतं. थांबायचं, पुन्हा चालायचं. तिनं दोन्हीकडं जाऊन सांगितलं, तर दोघांनाही वाटलं, ही पलीकडच्यांच्या बाजूची.

शुक्रवारी दोन्हीकडचे लोक काठ्या घेऊन जमले. बाई मधी जाऊन भुईवर आडवी झाली.

"भांडायचं तर भांडा," ती म्हणाली, "पर आदी कान लावा."

लोक हसले. मास्तर मात्र वाकले. त्यांचा चेहरा उतरलेला बघून मदारचाचाही गुडघ्यावर बसला.

"कौन चल रहा नीचे?" तो हळूच म्हणाला.

तेवढ्यात पायाखालची भुई हलली. बाईनं दोघांना मागं ओढलं आणि चार धोंडे आत गेले. खाली शहराला पाणी नेणाऱ्या जुन्या नहरीचा विटांचा बोगदा होता. त्याचं छत कधीचं ढासळत आलं होतं. धोंडे, कबरी त्यानंच ओढल्या होत्या. तळाशी दोन्हीकडची हाडं एकमेकांत मिसळून पडलेली. कुणाची कोणती, हे कुणालाच सांगता येईना.

मास्तरांनी खाली उतरून हात लावला. माती कोरडी ठणठणीत होती. थेंबभर पाणी नव्हतं.

काठ्या तिथंच पडल्या. हाडं एकाच खड्ड्यात पुरली. आधी फातिहा झाला, मग मास्तरांनी प्रार्थना म्हटली. दोस्ती झाली असं नाही. दोन वर्षांनी भिंत उभी राहिलीच. पण तो खड्डा वाटेत आला, तेव्हा गवंड्यानं विचारलं, पाया कुणाच्या बाजूनं घेऊ? मदारचाचा नि मास्तरांनी तेवढी जागा मोकळीच सोडायला लावली.