ठुशीपायी गेलेली दाढ

आता स्वतःची फजिती स्वतःच सांगायची म्हणजे आधी घसा खाकरावा लागतो. चहा घ्या तुम्ही, सांगतो.

मला लोक विचारतात, तुम्हाला गोष्टी सुचतात कशा? खरं सांगू का, मला सुचत नाहीत. मी ऐकतो. घरी टेबल आहे, खुर्ची आहे, बायकोने हौसेने आणलेला दिवा आहे. तिथे बसलो की डोकं कोरं. म्हणून माणसं बोलतात तिथे जाऊन बसायची सवय. एसटी स्टँड, रसवंती, कचेरीचा व्हरांडा. पण सोलापूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. स्टँडवर गोष्ट मिळायच्या आधी ऊन लागायचं.

तेव्हा गेल्या उन्हाळ्यात मी सात रस्ता चौकाजवळच्या एका दातांच्या दवाखान्यात जाऊन बसायला लागलो. बाहेरच्या खोलीत एसी, कायम गर्दी, आणि वाट बघून कंटाळलेला माणूस मोकळं बोलतो. मला कुणी काही विचारायचं नाही. कुणाबरोबर तरी आला असेल, असं समजत असावेत.

त्या दिवशी माझ्या शेजारी माळशिरसकडच्या एक मावशी बसल्या होत्या. कवळीचं माप द्यायला आलेल्या. सोबत इथेच राहणारी त्यांची भाची. मावशी तिला मुलाच्या लग्नातली हकीकत सांगत होत्या. नव्या सुनेसाठी केलेली सोन्याची ठुशी ऐन लग्नाच्या दिवशी घरातून नाहीशी झाली होती.

"सगळं घर पालथं घातलं. पाव्हन्यांच्या पिशव्या बी बगितल्या. माजी नणंद तवा जी रुसून गेली, ती अजून बोलत न्हाय."

"मग मिळाली का ठुशी?"

"मिळाली की. कुनी ठिवली हुती त्ये बी मला म्हाईत हाय."

"कुणी?"

मी इतका कललो होतो की माझा खांदा मावशींना लागला. मावशी थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भाचीनेही पाहिलं. आणि नेमकं तेव्हाच काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काका, तुम्ही कुणाबरोबर आलात? रोज दिसता."

तुम्हीच सांगा, काय बोलायचं? कुणाबरोबर नाही, नुसता लोकांचं ऐकायला येतो, असं म्हणू? ज्यांच्या घरातलं ऐकत होतो त्यांच्याच तोंडावर? मी गालावर हात ठेवला.

"दाढ," म्हणालो.

"कुठली?"

"डावी. वरची. नाही, खालची."

"मग रोज येऊन दाखवत का नाही?"

"भीती वाटते." त्या क्षणी हे मात्र अगदी खरं होतं.

मावशींचा चेहरा एकदम मऊ झाला. "आगं बाई, तरीच असं आंग टाकत हुता. पोरी, माज्या आदी ह्यास्नी आत जाऊ दे. माजी कवळी कुटं पळून चालली?"

"नको मावशी, मी थांबतो."

"गप जावा. दाढंचं दुकनं लई वंगाळ, मी सोसलंय."

आत गेलो. वाटलं, डॉक्टर बघतील, काही नाही म्हणतील, आणि मी पुन्हा मावशींच्या शेजारी. डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. काय करता, त्यांनी विचारलं. लिहितो म्हणालो. कधीपासून दुखतंय? झाले की चार-पाच दिवस. झोप? अजिबात नाही. एकदा सुरू केल्यावर मागे कसं फिरणार?

त्यांनी दाढेवर टिचक्या मारल्या, फोटो काढला आणि तो बराच वेळ बघत राहिले.

"बरं झालं आलात. अक्कलदाढ आहे, आतून पार किडलीय. काढून टाकू."

"आजच?"

"इतकं दुखत असताना ठेवायची कशाला?"

दुखत नाही, हे सांगायची वेळ केव्हाच निघून गेली होती. सुई टोचली. मग कुठे मला धीर आला. "डॉक्टर, खरं म्हणजे..." एवढं निघालं आणि पुढे जीभच वळेना. नुसता 'ळळळ' असा आवाज. "घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. मग पक्कड आली. माझ्या कानाशी काहीतरी करकरलं. मी खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले. दाढ गेली.

तोंडात कापसाचा बोळा घेऊन बाहेर येऊन बसलो. भाची फोनवर बोलायला बाहेर गेली होती.

"आता बोलता येत न्हाय न्हवं?" मावशींनी विचारलं. मी मान हलवली. त्या जवळ सरकल्या.

"मग तुमास्नी सांगते. पोरीला सांगितलं तर सांजच्याला सगळ्या भावकीत व्हईल. ती ठुशी मीच ठिवली हुती. चोरीच्या भ्यानं पिठाच्या डब्यात खुपसली आन इसरले. मांडवात आठवलं, पर तवर नणंदंची पिशवी उपसून झाली हुती. मग म्या काय बोललेच न्हाय. आता कुन्या तोंडानं सांगू?"

गालाचा पत्ता नव्हता, तोंडात रक्ताची चव होती, आणि मी मनातल्या मनात पहिलं वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात काउंटरवरची मुलगी गोळ्या घेऊन आली.

"काका, डॉक्टर म्हणाले तुम्ही लेखक आहात. आमच्यावर पण लिहा की."

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. एसी चालू असून माझा सदरा पाठीला चिकटला.

"दाढ खरंच दुकत हुती का?"

मी मान हलवली. नाही.

"माजं ऐकाया बसला हुता?"

हो.

त्यांनी तोंड पलीकडे फिरवलं. आता ह्या उठून ओरडणार, भाचीला बोलावणार, असं वाटून मी दाराकडे बघायला लागलो. मग दिसलं, त्यांचे खांदे हलत होते. पदर तोंडाला लावून त्या हसत होत्या.

"सरळ इचारायचं की वो. दाढ कशापायी घालवली?"

मी तोंडातल्या बोळ्याकडे बोट दाखवलं.

आतून त्यांना हाक आली. गुडघ्यावर हात टेकून उठता उठता त्या म्हणाल्या, "लिवा. नणंदंला कळू द्या एकदाचं, माज्यानं तर सांगवत न्हाय. पर तुमच्या दाढंचं बी लिवा त्यात. एकट्या माजंच हसं कशापायी?"