चढणीचे मासे

पावसानं ओढा भरला की मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात. कातळाच्या पायरीवर आपटतात, पडतात, पुन्हा उसळतात. वर आम्ही काठ्या घेऊन उभे. डोकं फुटतं, पोट फाटतं, पिवळी गाभोळी पाण्यात सांडते. गाभोळीचा मासा चवीला चांगला, म्हणून तोच आधी मारायचा.

वीस वर्षांपूर्वी माझी बायको सुमन पाच महिन्यांची पोटुशी होती. "पोटातलं घेऊन चाललेत ते, सोडा," म्हणत तिनं माझी काठी धरली.

"बायकोला विचारून मार रे!" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले आणि पुन्हा पाण्याकडे वळले. मी तिला ढकललं. ती कातळावर पोटावरच पडली. मूल गेलं. पाय घसरला, असं तीच सगळ्यांना सांगत आली आणि मी सांगू दिलं. रागात दिसलं नाही म्हणणं सोपं आहे. मला तिचं पोट दिसत होतं.

आज आम्ही दोघं काठावर उभे होतो. शेजारच्या दत्तानं काठी उगारली. "वहिनी, मागं सरा! तेव्हासारख्या घसराल हां!"

"ती घसरली नव्हती, दत्ता," मी म्हणालो. "मी ढकललं होतं तिला."

त्याची काठी वरच राहिली. तेवढ्यात मासा पायरी चढून गेला. सुमन त्याच्याकडेच बघत होती.